खारकर आळीतले आजोबांचे घर: पाडायचे की राखायचे?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या खारकर आळीत आजोबांनी १९२८ च्या सुमारास बांधलेले दुमजली घर आहे. दगडी जोते, विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, वर मंगलोरी कौले. मालकीत सहा हिस्सेदार, तळमजल्यावर दोन जुने भाडेकरू. महापालिकेची जुन्या-धोकादायक इमारतींच्या यादीतली सी-२बी वर्गाची नोटीस आली आहे. एक विकासक शेजारचे दोन प्लॉट जोडून सात मजली टॉवरचा प्रस्ताव घेऊन येऊन बसला आहे. काका म्हणतात, देऊन टाकू. आत्या म्हणते, मी इथून हलणार नाही. विचारणाऱ्याने पत्रात लिहिले आहे: "या घरात आणि या आळीत राखण्यासारखे नक्की काय आहे? आणि राखायचे ठरवलेच तर ते आम्हाला झेपेल का?"

जुन्या ठाण्यातली अशी घरे तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी ३२ वर्षे करते आहे. म्हणून आधी सर्वांत तातडीचे सांगते: एक पूर्ण पावसाळा या घराचे नीट निरीक्षण केल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. सहा हिस्सेदारांपैकी एकानेही नाही. 'नुसते संमतीपत्र आहे, बंधनकारक काही नाही' असे सांगून घेतलेल्या सह्यांवरून पुढे भावाभावांत कोर्टकज्जे झालेले मी पाहिले आहेत.

आता नोटीस. तिला घाबरू नका, पण ती कपाटात टाकूनही देऊ नका. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या हातात सी-२बी आहे. म्हणजे पालिका तुम्हाला दुरुस्ती करा म्हणते आहे, पाडा म्हणत नाही. या नोटिशीचा आधार घेऊन कोणी 'आता पाडण्यावाचून इलाज नाही' असे सांगत असेल, तर त्याला ती नोटीस मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मात्र दुरुस्ती लांबवत गेलात तर दोन-चार वर्षांत हेच घर सी-१ मध्ये जाऊ शकते, आणि मग निवड तुमच्या हातात राहत नाही.

भीती खोटी नसते, हेही मला माहीत आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी केबिनजवळची जुनी इमारत मध्यरात्री कोसळली आणि १२ माणसे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस जुन्या ठाण्यातले लोक रात्री भिंतीतून माती गळण्याचा आवाज ऐकत जागे राहायचे. पण त्याआधी दोनच वर्षे, एप्रिल २०१३ मध्ये, शीळ फाट्याजवळ ७४ बळी घेणारी इमारत तर नवीकोरी होती, बांधकाम अजून चालूच होते. जन्मतारखेवरून इमारतीची तब्येत कळत नाही. ती तपासावीच लागते, आणि तपासणाऱ्याला ती कशाची बनली आहे हे माहीत असावे लागते.

इथे मला सर्वांत जास्त तक्रार आहे. इमारतीला ३० वर्षे झाली की मालकाने संरचनेची तपासणी करून दाखला द्यावा, असे महापालिका अधिनियम सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण कितीतरी अहवाल आरसीसी इमारतीसाठी केलेल्या छापील नमुन्यात फक्त नाव-पत्ता बदलून येतात. चरईतल्या एका घराचा अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात लिहिले होते, 'कॉलममधील सळया गंजल्या आहेत, स्लॅबचे काँक्रीट कमकुवत आहे.' त्या घरात एकही सळई नव्हती, एकही स्लॅब नव्हता. होते ते सागवानी खांब आणि फळ्यांची जमीन. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. विटा-चुन्याच्या दीड फुटी भिंतीला त्या लावून आलेल्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तुमचे घर तपासायला येणाऱ्याजवळ तीन साधी हत्यारे आहेत का बघा: ओळंबा, लाकडी हातोडी आणि टोचा. ओळंब्याने भिंत बाहेर झुकली आहे का ते कळते. हातोडीने तुळईवर ठोकले की निरोगी सागवान टणटणीत बोलते आणि आतून वाळवीने खाल्लेले भद्द आवाज देते. टोचा खुपसायचा तो तुळई भिंतीत शिरते तिथे, कारण कुजणे बहुतेक वेळा तिथून सुरू होते. मधला भाग ठणठणीत आणि भिंतीतला नऊ इंचांचा शेवट भुसा झालेला, असे मी शंभरदा पाहिले आहे. आणि ही आनंदाची बातमी असते. अख्खी तुळई बदलावी लागत नाही. खाली टेकू देऊन कुजलेले टोक कापायचे, जुन्या सागवानाचा जोड द्यायचा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. दोन सुतार आणि एक मिस्त्री चार दिवसांत एक टोक करतात.

भिंतीला तडा असेल तर त्यावर लगेच गिलावा फासू नका. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी बसवा, दोन्ही टोके घट्ट चिकटवा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच शाबूत असेल तर तडा जुना आहे, थांबलेला आहे. फुटली असेल तर पाया किंवा छप्पर हलते आहे, आणि मग कारण शोधायला हवे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी मला एकच फोटो फार महत्त्वाचा वाटला, तो दरवाजाचा. आत्यांच्या आठवणीत ओटीवर चढायला चार पायऱ्या होत्या असे तुम्ही लिहिले आहे. फोटोत दीड दिसते. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, जुना थर न खरवडता. जुन्या ठाण्यातल्या बहुतेक आळ्यांची हीच गत आहे. आजोबांच्या मिस्त्रीने काळ्या दगडाचे जोते मुद्दाम उंच घेतले होते, कारण ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि खारकर आळीपासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की गटार उलटे वाहते. दगड पाणी सोसतो, वीट सोसत नाही, म्हणून खाली दगड आणि वर वीट. आता रस्ता चढल्यामुळे पाणी थेट विटेला भिडते आहे.

त्यावर आणखी एक घाव बहुधा तुमच्याच कुटुंबाने घातला आहे, आणि तो चांगल्या हेतूने. फोटोत खालची तीन फूट भिंत सिमेंटने गिलावलेली दिसते. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. वर सिमेंटचा थर बसला की ओल आत कोंडते, वर चढते आणि सिमेंट संपते तिथे क्षारांचे पांढरे फूल धरून विटेचा भुगा करते. लोक मग सिमेंट आणखी दोन फूट वर नेतात. ओलही दोन फूट वर जाते. ही चूक मीही केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत उथळसरच्या एका घराला मी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करायला सांगितला आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिथली वीट बोटाने कोरता येत होती. त्या घरातल्या आजींनी मला बोलावून ती भिंत दाखवली, रागावल्या नाहीत. त्यानंतर मी चुना शिकले.

उपाय असा. दिवाळीनंतर सिमेंट सोलून काढायचे, भिंत होळीपर्यंत उघडी वाळू द्यायची, भुगा झालेल्या विटा एकेक करून बदलायच्या आणि मग चुन्याचा गिलावा. चुना किमान महिनाभर पाण्यात मुरवलेला हवा. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांचा चुरा. जुने गवंडी गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालत, आजही काही घालतात. पिशवीतला पांढरा चुना सिमेंटमध्ये चिमूटभर मिसळून 'चुन्याचे काम केले' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. छपरावरचे पाणी पन्हाळीतून जोत्यापासून लांब पडेल असे करा. रस्त्याकडच्या बाजूला जोत्याला लागून हातभर रुंद चर खणून त्यात खडी भरा, म्हणजे साचलेले पाणी विटेपर्यंत न पोचता निघून जाईल.

एक जागा अजून तपासा: वरच्या मजल्यावर मागून काढलेला संडास आणि मोरी. मूळ घरात ती वर नव्हती. संडास परसात, टोकाला असायचे, आणि त्यामागून एक अरुंद गल्ली जायची, जिच्यातून सफाई करणारी माणसे डोक्यावरून मैला नेत. त्या गल्ल्या आज बुजल्या किंवा कचऱ्याने भरल्या आहेत. जुन्या घरांविषयी हळवे होऊन लिहिताना ही गल्ली विसरली जाते, म्हणून मी तिचा उल्लेख मुद्दाम करते. आपल्या आज्यांची स्वच्छ ओटी कोणाच्या तरी त्या फेऱ्यांवर उभी होती. पुढे फ्लश आले, ते वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीवर सिमेंट ओतून बसवले गेले, आणि तेव्हापासून त्याखालच्या तुळया भिजत आहेत. तुमच्या घरात एकच गोष्ट तातडीने करायची झाली तर ती मोरी बंद करून तळमजल्यावर किंवा मागे स्वतंत्र पायावर बांधा.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आळीत राखण्यासारखे काय आहे. तुम्ही घराबद्दल विचारताना 'हेरिटेज म्हणावे असे कोरीवकाम वगैरे काही नाही' असे जरा संकोचाने लिहिले आहे. संकोच नको. जुन्या ठाण्यात राजवाडे नाहीतच. इथे मोल आहे ते साध्या घरांच्या रांगांना, त्यांच्यामधल्या वाटांना आणि त्या वाटा जिथे जाऊन मिळतात त्या जागांना.

नकाशा काढून बसा. एका बाजूला किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले, आणि इथेच १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना फाशी झाली. किल्ल्याच्या आणि खाडीच्या आधाराने महागिरीचा कोळीवाडा. दुसऱ्या बाजूला मासुंदा तलाव, त्याच्या काठी कोपिनेश्वर. आजचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधले, पण जागा शिलाहार राजांच्या श्रीस्थानकाइतकी, म्हणजे जुन्यात जुन्या ठाण्याइतकी जुनी. तलावाजवळच पोर्तुगीज काळातले सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. टेंभी नाक्याकडे चाललात की थोड्या अंतरात मशीद, पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली ज्यूंचे १८७९ चे शार हाशमाईम सिनेगॉग. किल्ला आणि तलाव यांना जोडणाऱ्या पट्ट्यात तुमची आळी आहे. ती किल्ल्याकडची माणसे देवळाकडे आणि बाजाराकडे जाता-येता घडली. म्हणूनच ती सरळ नाही. लहानपणी तुम्हाला ती वाकडी वाटली असेल, तिच्या वाकण्याला दोन-अडीचशे वर्षांच्या पावलांचे कारण आहे.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे सगळ्यांना पाठ असते. पुढच्या वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि चेंदणीचा कोळीवाडा रुळांच्या दोन बाजूंना विभागला गेला. आजही चेंदणीचे लोक पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे स्वतःला सांगतात, आणि नारळी पौर्णिमेला एक होतात. १८६३ मध्ये नगरपालिका झाली. कचेऱ्या, कोर्ट, शाळा आल्या, त्यांच्याबरोबर कारकून, वकील, मास्तर आले. त्यांनी बांधलेली घरे तुमच्या घरासारखी: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसात विहीर, वरचा मजला भाड्याला. १८९३ मध्ये वि. ल. भाव्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, तेही याच वस्तीतल्या वाचणाऱ्या लोकांच्या जोरावर.

नौपाडा, ब्राह्मण सोसायटी, विष्णूनगर, घंटाळी ही पुढची पायरी. तिथे आळी नाही, आखलेले रस्ते आणि बंगले. बाग पुढे, घर मागे. या दोन प्रकारांत फरक करायला हवा, कारण सल्ला वेगळा पडतो. नौपाड्यात बंगल्यांच्या जागी साठ-सत्तरच्या दशकांत तळमजला अधिक तीन अशा ज्या आरसीसी इमारती आल्या, त्यातल्या अनेकांत खाडीची न धुतलेली वाळू वापरली गेली. त्या वाळूतल्या मिठाने सळया आतून फुगल्या. माझ्या अनुभवात अशी पन्नाशीतली इमारत तुमच्या शंभरीकडे झुकलेल्या घरापेक्षा जास्त आजारी असते, आणि तिच्यावर उपचार कमी चालतात. तिथे मी बहुतेक वेळा पुनर्विकासच सुचवते आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. पण त्या इमारतींचा न्याय तुमच्या घराला लावू नका.

वस्त्यांच्या नावांबद्दलही एक बोलते. खारकर आळी, ब्राह्मण सोसायटी, कोळीवाडा ही नावे जातीच्या आणि आडनावांच्या हिशोबाने पडली. कोण कुठे राहायचे हे ठरलेले होते आणि कोणाला कुठे घर मिळत नव्हते हेही ठरलेले होते. ते राखायचे नाही. पण कचेरीतून येणाऱ्याला ओटीवर बसता यावे, शेजारणीला खिडकीतून हाक मारता यावी, मुलांना आळीत खेळता यावे आणि म्हाताऱ्या माणसाला देवळापर्यंत गाडीखाली न सापडता जाता यावे, ही जी रचना तयार झाली ती आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या, मग तो कोणत्याही जातीचा असो, रोजच्या उपयोगाची आहे. तीन प्लॉट जोडले की त्यामधली बोळ संपते. तळमजल्याला पार्किंग येते, ओटी संपते. आळीच्या कडेला माणसांऐवजी लोखंडी गेट उभे राहते. एका घराने काही बिघडत नाही असे वाटते, पण एका टॉवरच्या गाड्यांसाठी आळी रुंद करावी लागते, आणि ती रुंद करताना समोरच्या रांगेचे जोते कापले जाते. हे मी दोन आळ्यांत माझ्या डोळ्यांदेखत होताना पाहिले.

विकासकाच्या प्रस्तावाकडे आता जरा थंड डोक्याने बघा. त्याला तुमचे शेजारी का हवे आहेत? कारण बांधकामाचे गणित रस्त्याच्या रुंदीवर चालते. २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अरुंद रस्त्यावर चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येते ते, मर्यादित आहे, ९ मीटरच्या आतल्या गल्लीत टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. तुमचा एकटा प्लॉट त्याच्या फारसा कामाचा नाही. म्हणून त्याला विचारा: रस्ता कागदावर किती रुंद आहे आणि जागेवर किती? रुंदीकरणात आमची किती जागा जाईल? मंजुरी नसताना सात मजले कशाच्या आधारावर दाखवता? उत्तरे लेखी मागा. मी पाहिलेल्या प्रस्तावांपैकी अर्धे या तीन प्रश्नांपुढे टिकलेले नाहीत. सामूहिक विकास (क्लस्टर) योजनेतून आपल्या वस्त्या वगळाव्यात असा आग्रह ठाण्यातल्या कोळीवाड्यांनी आणि गावठाणांनी धरला, तोही याच अनुभवातून.

कागद गोळा करा. नगर भूमापन कार्यालयातून तुमच्या टिका नंबर (भूमापनातल्या भागाचा क्रमांक) आणि सि.टी.एस. नंबरचे (जागेचा नगर भूमापन क्रमांक) मालमत्ता पत्रक काढा. जुन्या ठाण्यात टिका नंबराशिवाय जागा सापडत नाही, आणि कितीतरी घरांच्या पत्रकावर अजून पणजोबांचेच नाव असते. वारस नोंद आधी करून घ्या. भाडेकरूंना शत्रू समजू नका. भाडे नियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि घर पाडले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पाडायचे ठरलेच तर त्याआधी प्रत्येकाच्या ताब्यात किती क्षेत्रफळ आहे याचा पालिकेचा दाखला घ्यायला हवा, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. मुंबई शहरात उपकरप्राप्त (सेस भरणाऱ्या) जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, ते ठाण्याला लागू नाही. त्यामुळे दुरुस्तीचा पैसा घरातूनच उभा करावा लागेल. घर किंवा परिसर वारसा यादीत आहे का हे नगररचना विभागाला लेखी विचारा. असेल तर बाहेरून काही बदलण्याआधी संमती लागेल.

झेपेल का? मी आकडा सांगत नाही, कारण घर उघडल्याशिवाय सांगितलेला आकडा फसवा असतो. पण कामाचा क्रम सांगते, म्हणजे खर्च तीन वर्षांवर विभागता येईल. पहिल्या वर्षी फक्त पाणी: कौले उतरवून वासे-रिपा तपासणे, कुजलेल्या बदलणे, कौले परत शाकारणे, पन्हाळी, वरची मोरी बंद. दुसऱ्या वर्षी तुळयांची टोके आणि खांबांचे तळ. खांब दगडी तळखड्यावर उभे आहेत की मागच्या दुरुस्तीत कोणी भोवती सिमेंट ओतले आहे ते बघा. ओतले असेल तर फोडून काढा, त्यात पाणी साचून खांब खालून कुजतो. तिसऱ्या वर्षी भिंतींचा गिलावा, वीजवाहिन्या, रंग. रंग चुन्याचाच, प्लास्टिकचा नको. सहा हिस्सेदारांनी मिळून एक खाते उघडा आणि वरचा मजला नीट करून भाड्याने द्या. महागिरीजवळच्या एका कुटुंबाने असेच केले. पहिल्या मजल्यावर आता एक तरुण वकील राहतो आणि त्याचे भाडे दुरुस्तीच्या खात्यात जमा होते.

घर वाचणारच नाही असेही होऊ शकते. पाया खचत असेल, भिंत ओळंब्याच्या बाहेर आणि वाढत्या वेगाने जात असेल, अर्ध्याहून जास्त तुळया पोकळ असतील, तर मी स्वतः तुम्हाला सांगेन की आत्यांना आजच बाहेर काढा. मग बांधा, पण स्वतःच्या प्लॉटवर, तीन-चार मजले, आळीच्या रेषेत, तळमजल्याला ओटी ठेवून आणि बोळ न गिळता. असे बांधता येते. त्यात विकासकाइतका नफा नसतो, पण प्रत्येक हिस्सेदाराला राहायला जागा मिळते.

दोन्ही बाबतींत एक काम या महिन्यात करा. घराचे मोजमाप घ्या. मोठा कागद, तीस मीटरची टेप आणि दोन माणसे पुरतात. प्रत्येक खोली, भिंतीची जाडी, खिडकीची उंची, कोनाडे, फडताळे, जिन्याच्या पायऱ्या. आत्यांना शेजारी खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक खोलीत काय व्हायचे ते विचारून त्याच कागदावर लिहा: बाळंतिणीची खोली कुठली, धान्याच्या कणग्या कुठे, दिव्याचा कोनाडा कुठला, पाणी कोणत्या विहिरीचे. आत्यांच्याइतके हे घर कोणालाच माहीत नाही.

पत्रात शेवटी तुम्ही दोन छोटे प्रश्न विचारले आहेत. परसातली विहीर बुजवून तिथे गाडी लावू का? नका. ती विहीर घराखालचे पाणी एका जागी ओढून धरते. बुजवली की तेच पाणी पायाकडे वळू शकते. गाळ काढा, वर लोखंडी जाळी बसवा. आणि जुने सागवान विकत घेणारा माणूस ओटीच्या चार खांबांना चांगला भाव देतो आहे, द्यावेत का? तेही नका. त्या खांबांवर वरच्या मजल्याची पुढची तुळई आहे. तो घेऊन जाईल आणि जागी लोखंडी पाइप उभे करून देईल. पाइपाखाली तळखडा नसेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओटीची फरशी खचायला लागेल, आणि तेव्हा येणारी नोटीस सी-२बी ची नसेल.